दुसऱ्याच्या मैदानावरची कारकीर्द

साताऱ्याच्या एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा मुलगा सतरा वर्षांचा असून बारावी विज्ञान शाखेत शिकतो. दोन वर्षांपासून तो बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा मोबाइल गेम स्पर्धांमध्ये खेळतो, आणि आता अशा स्पर्धांत संघ उतरवणाऱ्या नवी मुंबईतील एका संस्थेने त्याला दरमहा पगार देऊ करून आपल्या गेमिंग हाउसमध्ये राहायला बोलावले आहे. मुलगा कॉलेज सोडायला निघाला आहे आणि घरात त्यावरून अबोला धरला गेला आहे. ही खरोखर नोकरी आहे का, ती किती वर्षे चालते आणि आम्ही हो म्हणावे का, असे ते विचारतात.

मी काउंटर-स्ट्राइक हा कॉम्प्युटरवरचा गेम खेळत या क्षेत्रात आलो, तेव्हा पुण्यातल्या सायबर कॅफेत तासावर पैसे मोजावे लागत आणि स्पर्धा जिंकली तर बक्षीस म्हणून पुष्कळदा एखादा माउस किंवा हेडफोन हाती पडे. पुढे स्वतः खेळणे थांबवून मी मोबाइल संघांचा प्रशिक्षक झालो आणि आपल्या मुलाच्या वयाची बरीच मुले माझ्या हाताखालून गेली. त्यांपैकी काहींनी आईवडिलांना घर घेऊन दिले. बहुतेक जण दोन-तीन वर्षांत परत गेले.

प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे. ही नोकरी आहे, आणि चांगलीच कष्टाची आहे. परंतु तिच्यात एक गोष्ट अशी आहे की जी कबड्डीत, क्रिकेटमध्ये किंवा बुद्धिबळात नाही, आणि जी या मुलांना सहसा कोणी समजावून सांगत नाही. क्रिकेटला मालक नाही. उद्या क्रिकेट मंडळाने आपल्या मुलाला संघात घेतले नाही, तरी त्याचे क्रिकेट कोणी काढून घेऊ शकत नाही. गावच्या मैदानात तो उद्याही खेळेल. बीजीएमआयला मात्र मालक आहे. ती दक्षिण कोरियातील क्राफ्टन या कंपनीची मिळकत आहे. नकाशे, बंदुका, नियम, स्पर्धा घेण्याची परवानगी, सगळे तिच्या हातात आहे, आणि त्या कंपनीच्याही वर सरकार आहे. आपला मुलगा कितीही निष्णात असला, तरी तो दुसऱ्याच्या जमिनीवर पीक घेतो आहे. पीक चांगले येऊ शकते, पण सातबारा त्याच्या नावावर कधीच होणार नाही. पुढे मी जे काही सांगणार आहे, ते या एका गोष्टीशी जोडून वाचावे.

हे नुसते बोलणे नव्हे. ऑगस्ट २०२० मध्ये ऑरेंज रॉक हा भारतीय संघ पबजी मोबाइलच्या जागतिक लीगमध्ये पूर्व विभागात दुसरा आला. इतकी मोठी मजल तोवर आपल्याकडच्या मोबाइल संघांनी क्वचितच मारली होती. त्यानंतर महिनाही उलटला नाही, तोच २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, आणि त्यांत पबजी मोबाइल होता. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने, खास भारतासाठी, परत आला. मुले पुन्हा कामाला लागली. २८ जुलै २०२२ रोजी तोही अ‍ॅप स्टोअरवरून काढला गेला.

त्या संध्याकाळी मी एका संघाबरोबर बूटकॅम्पमध्ये, म्हणजे निवासी सराव शिबिरात होतो. सरावाचा चौथा सामना सुरू होता आणि आमच्या व्यवस्थापकाच्या फोनवर एकामागून एक संदेश येऊ लागले. विशेष म्हणजे खेळ बंद पडला नव्हता. ज्यांच्या फोनमध्ये तो आधीपासून होता त्यांना खेळता येत होते, आणि म्हणून चौघेही सामना संपेपर्यंत खेळत राहिले. संपल्यावर एकाने प्ले स्टोअर उघडून खेळाचे नाव टाकले, काहीच आले नाही, म्हणून त्याने स्पेलिंग बदलून पुन्हा टाकले. पुढचे दहा महिने आम्ही सराव केला, परंतु अधिकृत स्पर्धा नव्हती, आणि स्पर्धा नाही म्हटल्यावर प्रायोजकही राहिले नाहीत. पगार आधी निम्मे झाले, मग लांबले, मग थांबले. मे २०२३ च्या अखेरीस खेळ परतला तेव्हा त्या चौघांपैकी दोघे उरले होते; एक वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसू लागला होता आणि एकाने अर्धवट राहिलेली पदविका पुन्हा सुरू केली होती. खेळ परतला तो अटी घेऊन: प्रौढांना दिवसाला सहा तास, अठरा वर्षांखालील मुलांना तीन तास. आपल्या मुलाच्या दृष्टीने ही अट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण संस्थेचे वेळापत्रक जर दिवसाला आठ तास खेळण्याचे असेल, तर अल्पवयीन मुलगा ते पाळणार कसे आणि कोणाच्या खात्यावरून, हा प्रश्न विचारायलाच हवा.

हे केवळ आपल्याकडे किंवा केवळ बंदीमुळे घडते असेही नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, केवळ प्रात्यक्षिक म्हणून, पदके देशाच्या पदकतक्त्यात न धरता, ठेवल्या होत्या आणि कच्छच्या तीर्थ मेहताने हार्थस्टोन या पत्त्यांच्या डिजिटल खेळात कांस्यपदक मिळवले. पुढच्या, म्हणजे २०२३ मध्ये हांगझौला झालेल्या स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रथमच अधिकृत पदकांसाठी खेळले गेले आणि हार्थस्टोनचे नाव यादीतही होते. पण त्या वर्षीच्या जानेवारीत ब्लिझार्ड ही मालक कंपनी आणि तिची चिनी भागीदार नेटइझ यांचा करार संपला, चीनमध्ये तो खेळच बंद झाला आणि यादीतून नाव वगळले गेले. दोन कंपन्यांचे पटले नाही, म्हणून एक क्रीडाप्रकार नाहीसा झाला. धावण्याच्या शर्यतीचे असे कधी होईल का, याची कल्पना करून पाहावी.

सरकारी पातळीवर स्थिती सुधारली आहे हेही नमूद केले पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्स हा विषय बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून क्रीडा मंत्रालयाकडे सोपवला गेला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्सला त्यांच्यापासून वेगळे काढून स्पर्धात्मक क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. त्यामुळे ‘मुलगा जुगार खेळतो’ असे शेजारी म्हणाले तर आपण निश्चिंतपणे खोडून काढावे. याच कायद्याचा दुसरा परिणाम मात्र संस्थांच्या गल्ल्यावर झाला, कारण रमी आणि फँटसी अ‍ॅपच्या जाहिरातींवर बरेच स्ट्रीमर, म्हणजे आपला खेळ इंटरनेटवर थेट दाखवणारे, आणि काही संघ उभे होते.

आता रोजच्या आयुष्याकडे वळतो. गेमिंग हाउस म्हणजे बहुधा एखाद्या नव्या वसाहतीतला तीन-चार खोल्यांचा फ्लॅट असतो. एका खोलीत सरावाची टेबले, बाकीच्या खोल्यांत गाद्या, स्वयंपाकाला येणाऱ्या एक मावशी, आणि दोन कंपन्यांचे इंटरनेट, कारण एक बंद पडले तर दुसरे हवे. मुले अकरा वाजता उठतात. जेवण, आदल्या दिवसाचे बोलणे, मग दुपारी आणि रात्री इतर संघांबरोबरचे सराव सामने, ज्यांना सगळे स्क्रिम्स म्हणतात. एक सामना साधारण अर्ध्या तासाचा, आणि असे सहा ते बारा सामने. त्यानंतर चित्रफितीवरून परीक्षण, आणि त्यानंतर ज्यांच्या करारात तसे आहे ते मध्यरात्रीपुढे स्ट्रीमिंग करतात. झोपायला पहाटेचे तीन-चार वाजतात. आपण मुलाला ‘दिवसभर खेळत बसतो’ म्हणत असाल, तर तिथे गेल्यावर ते शब्दशः खरे होईल आणि त्यातली मौज पहिल्या महिन्यात संपेल.

माझ्या मते या नोकरीचा गाभा खेळण्यात नसून परीक्षणात आहे, म्हणून एक प्रसंग जरा तपशिलाने सांगतो. एरँगल नावाच्या नकाशात दक्षिणेला एक बेट आहे, तिथे लष्करी तळ आहे, आणि मुख्य भूमीवरून तिथे जायला दोनच पूल आहेत. नाहीतर होडी शोधायची. सुरक्षित वर्तुळ हळूहळू आकसत जाते आणि त्याच्याबाहेर राहिलेला मरतो. त्या दिवशी वर्तुळ बेटाकडे झुकले होते आणि आमचा संघ वायव्येला, बंदराजवळ होता. कर्णधाराने, म्हणजे आयजीएलने, ‘निघा’ म्हटले. तिघे गाडीत बसले. चौथा ‘एक सेकंद, स्कोप घेतो’ म्हणून, म्हणजे बंदुकीची दुर्बीण घ्यायला, घरात शिरला. चित्रफीत थांबवून आम्ही घड्याळ लावले: तो एक सेकंद अडतीस सेकंदांचा होता. तेवढ्यात दुसऱ्या एका संघाने पुलाच्या तोंडावर गाड्या आडव्या लावल्या होत्या, आणि आम्ही चौघेही पुलाच्या मध्यावर मेलो. सोळा संघांत आमचा क्रमांक चौदावा, गुण शून्य. त्या मुलाचा नेम संघात सगळ्यांत चांगला होता. तो अडतीस सेकंदांचा तुकडा मी त्याला सलग नऊ वेळा दाखवला. पहिल्या पाच वेळा तो म्हणत होता की गाडी चालवणाऱ्याने डावीकडून काढायला हवी होती.

हे सांगण्याचे कारण गुणपद्धतीत आहे. या खेळात सोळा संघांचे चौसष्ट खेळाडू एकाच वेळी उतरतात. पहिल्याला दहा गुण, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला पाच, मग चार, तीन, दोन, सातव्या-आठव्याला एकेक आणि उरलेल्या निम्म्या संघांना काहीच नाही. शिवाय प्रत्येक बळीला एक गुण. म्हणजे समोरच्याला टिपणे जितके मोलाचे, तितकेच शेवटपर्यंत जिवंत राहणे. गल्लीत आणि कॉलेजात नाव होते ते नेमामुळे. पगार टिकतो तो ऐकण्यामुळे, बोलण्यामुळे आणि स्वतःची चूक पाहण्याच्या सवयीमुळे. नेमबाज मुले मला दर आठवड्याला भेटतात. दडपणाखाली तीन वाक्यांत शत्रू कुठे, किती आणि काय करतो आहे हे सांगू शकणारा मुलगा वर्षातून एखादा भेटतो.

पैशांचे गणित लोक बक्षिसाच्या मोठ्या आकड्यावरून करतात, आणि आकडे खरोखर मोठे असतात: डोटा २ या कॉम्प्युटरवरच्या गेमच्या २०२१ च्या जागतिक स्पर्धेचे एकूण बक्षीस चार कोटी डॉलरच्या वर होते. आपल्याकडचे एक साधे उदाहरण घेऊ. समजा संघाने दहा लाख रुपये जिंकले. आयोजक सहसा त्यातून तीस टक्के कर आधीच कापतो. सात लाख उरले. संस्थेचा वाटा वीस टक्के धरला तर पाच लाख साठ हजार उरतात. चार खेळाडू, एक राखीव आणि एक प्रशिक्षक अशी सहा जणांत वाटणी केली तर प्रत्येकाला सुमारे त्र्याण्णव हजार मिळतात, आणि तेही रक्कम खरोखर हाती पडेल तेव्हा; बक्षीस यायला सहा-सात महिने लागल्याचे मी स्वतः अनुभवले आहे. म्हणून पगार हाच कणा. आघाडीच्या मोजक्या संघांतील खेळाडूंचा पगार एखाद्या अनुभवी अभियंत्याला लाजवील असा असतो, पण त्याखाली दोन पायऱ्या उतरलात की तो राहण्या-जेवणापलीकडे फारसा जात नाही. आणि जे खरोखर श्रीमंत झाले, त्यांतले बहुतेक जण बक्षिसांवर नव्हे तर यूट्यूबवर झाले आहेत. खेळाडू आणि करमणूक करणारा या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. एकच माणूस दोन्ही उत्तम करतो असे क्वचित घडते, आणि संस्था मात्र एकाच पगारात दोन्ही मागते.

यामुळे करारनामा हा माझ्या दृष्टीने खेळापेक्षा कमी महत्त्वाचा नाही. मी माझा पहिला करार फोनवर आलेल्या पीडीएफवर बोटाने सही करून पाठवला होता, रात्री दीड वाजता, न वाचता. संघ फुटल्यावर कळले की माझ्या चॅनेलवरचे सगळे व्हिडिओ आणि त्यांचे उत्पन्न संस्थेचे होते. संस्थेचे नाव घेण्यात अर्थ नाही. सही माझीच होती. आपल्या बाबतीत पहिली गोष्ट ही की मुलगा अठरा वर्षांचा नाही, आणि भारतीय करार कायद्याच्या कलम ११ नुसार अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, व्यक्तीने केलेला करार मुळातच निरर्थक ठरतो. संस्था त्याची एकट्याची सही मागत असेल, तर तिला एक तर कायदा ठाऊक नाही किंवा आपल्याला तो ठाऊक नाही असे ती धरून चालली आहे. दुसरी गोष्ट बायआउटची, म्हणजे करार संपण्यापूर्वी दुसऱ्या संघाने त्याला घ्यायचे ठरवले तर किती रक्कम मोजायची. ही रक्कम पगाराच्या कित्येक पट लिहिलेली असेल, तर मुलगा सहा महिने राखीव खेळाडू म्हणून बसून राहिला तरी त्याला कोणी सोडवू शकणार नाही. तिसरी गोष्ट: संस्थेला एकतर्फी मुदत वाढवण्याचा हक्क दिला आहे का, आणि खेळावर बंदी आल्यास पगाराचे काय, हे स्पष्ट लिहिलेले असावे. २०२२ नंतर बहुतेक करारांत बंदीचे कलम आले आहे, आणि ते बहुतेक वेळा संस्थेच्या बाजूचे असते. करार संपल्यानंतरही वर्षभर दुसरीकडे खेळायचे नाही असे कोणी लिहिले असेल तर ते कलम २७ पुढे सहसा टिकत नाही, परंतु ते टिकत नाही हे सिद्ध करायला कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि एकोणीस वर्षांच्या मुलाकडे तेवढा वेळ नसतो.

वेळ नसतो, कारण वय. स्टारक्राफ्ट २ खेळणाऱ्या तीन हजारांहून अधिक जणांच्या खेळाची नोंद तपासून कॅनडातील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की प्रतिसादाचा वेग साधारण चोविसाव्या वर्षापासून मंदावू लागतो. हा फरक मिलिसेकंदांचा असतो आणि अनुभवी खेळाडू तो शहाणपणाने भरून काढतो, त्यामुळे पंचविशीत सगळे संपते असे मी मानत नाही. शरीर मात्र आधीच कुरकुरायला लागते. मोबाइलवर चार बोटांची पकड असते, अंगठे सतत ताणलेले असतात, आणि फोन हलवून नेम धरायच्या पद्धतीमुळे मनगटाला क्षणाची उसंत नसते. अंगठ्याच्या मुळाशी दुखणे घेऊन डॉक्टरांकडे गेलेली मुले मी विशीच्या आतली पाहिली आहेत. मोठ्या सभागृहातल्या वातानुकूलनाने बोटे गारठतात, म्हणून सामन्यापूर्वी मुले गरम पिशव्या मुठीत धरून बसतात. चीनचा उझी, लीग ऑफ लेजंड्सच्या नामवंत खेळाडूंपैकी एक, जून २०२० मध्ये तेविसाव्या वर्षी निवृत्त झाला, तेव्हा त्याने मधुमेह आणि हाताची दुखापत ही कारणे दिली होती. पुढे तो काही काळ परतला, तो भाग वेगळा.

मुले अशा वेळी फेकरचे उदाहरण देतात, आपल्याही मुलाने दिले असेल. लीग ऑफ लेजंड्समध्ये फेकर या नावाने खेळणाऱ्या कोरियाच्या ली सांग-ह्योकने शाळा सोडली, २०१३ मध्ये पहिले जागतिक विजेतेपद मिळवले आणि एकोणतिसाव्या वर्षी, २०२५ मध्ये, सहावे मिळवले. हांगझौच्या सुवर्णपदकामुळे त्याची सक्तीची लष्करी सेवाही टळली. हे सर्व खरे आहे. पण त्याच्याबरोबर हेही सांगावे की तो ज्या खेळात आहे तो २००९ पासून अखंड चालू आहे, कोरियात त्याची लीग वर्षानुवर्षे वेळापत्रकाप्रमाणे होते, आणि त्याची संस्था त्याला सोडत नाही. त्याच्या प्रतिभेइतकीच त्याच्या पायाखालची जमीन स्थिर राहिली. आपल्याकडे ती सप्टेंबर २०२० पासून तीन वर्षांच्या आत दोनदा सरकली.

फसवणुकीविषयी एकच सांगतो. २०१८ मध्ये शांघायच्या एका स्पर्धेत एका भारतीय काउंटर-स्ट्राइक संघाचा खेळाडू नेम साधून देणारा प्रोग्राम वापरताना भर सामन्यात पकडला गेला. त्या फाइलला त्याने ‘वर्ड’चे नाव दिले होते. संघ त्याच वेळी बरखास्त झाला, आणि त्यात ज्यांची काही चूक नव्हती त्या चौघांचीही नोकरी गेली. मुलगा कोणाबरोबर राहायला जातो आहे, हे त्या दृष्टीनेही पाहावे.

आता हो म्हणावे का. कॉलेज सोडण्याला माझा स्पष्ट नकार आहे, आणि अठरा पूर्ण होण्यापूर्वी गेमिंग हाउसमध्ये राहायला जाण्यालाही. खेळण्याला नाही. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आहे, ती त्याने द्यावी. नियमित वर्ग नंतर जमणार नसतील तर मुक्त विद्यापीठ आहे, आणि बारावीच राहिली तर खासगी उमेदवार म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरता येतो. माझ्या दोन खेळाडूंनी तोच मार्ग घेतला. संस्थेला खरोखर तो हवा असेल, तर ती तीन-चार महिने त्याला घरून स्क्रिम्स खेळू देईल. चांगल्या संस्था हे करतात, कारण त्यांनाही मुलगा पारखायचा असतो. ‘उद्या या, नाहीतर जागा जाईल’ असे म्हणणाऱ्या संस्थेकडे जागा बहुधा दर दोन महिन्यांनी रिकामी होत असते.

दरम्यान दोन कामे आपण स्वतः करावीत. संस्थेकडून मागील वर्षभरात संघात आलेल्या आणि गेलेल्या खेळाडूंची नावे मागून त्यांपैकी गेलेल्या एकाशी फोनवर बोलावे. पगार कोणत्या तारखेला होत असे, एवढेच विचारले तरी पुरे. आणि एखाद्या संध्याकाळी मुलाजवळ बसून त्याला त्याचा नुकताच हरलेला एक सामना दाखवायला सांगावे. आपल्याला खेळ कळला नाही तरी चालेल. तो चित्रफीत कुठे थांबवतो आणि थांबवून कोणाचे नाव घेतो, तेवढे ऐकावे.